सलग सेवा

चिंचवडमध्ये एखादी बाई कायद्यात पीएचडी करते आहे असं कळलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना मनापासून आनंद होतो. शिक्षणाविषयीच्या आस्थेशी त्याचा फारसा संबंध नसतो. इथल्या घराघरांत कायद्याचा एकेक तुकडा अडकून पडलेला आहे. कुणाची वडिलोपार्जित जमीन नवनगर विकास प्राधिकरणानं घेतलेली असते आणि साडेबारा टक्के परताव्याची फाइल घरातली तिसरी पिढी सांभाळत असते. १९७२ साली जन्मलेलं ते प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जितसुद्धा झालं, फाइल मात्र हयात आहे. कुणाच्या वाढीव मजल्यावर शास्तीकर बसलेला असतो, कुणाचं घर नदीच्या निळ्या रेषेत येतं, कुणाचं देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या रेड झोनमध्ये. अशा गावात कायद्याचं माणूस घरबसल्या, फुकट आणि चहा पाजून मिळत असेल तर कुणाला नको आहे?

"मॅडम, तुम्ही कायद्यातच पीएचडी करताय ना? मग आमचा एवढा सातबारा बघून द्या."

मी कंत्राटी कामगारांवर संशोधन करते, असं मी सांगते. समोरचा क्षणभर विचारात पडतो. मग म्हणतो, "हो, पण सातबारा तर येतच असेल की."

नातेवाइकांची अडचण वेगळी. एलएलबी झालं, एलएलएम झालं, नेट झाली, आता आणखी काय राहिलंय, हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात पंगत बसायच्या आत येतो. सासूबाईंच्या भिशीतल्या एका काकूंनी मात्र थेट मुद्द्यालाच हात घातला. "डॉक्टर झाल्यावर काळा कोट जाऊन पांढरा येणार का गं?" नाही येणार. खरं म्हणजे काहीच येणार नाही. एमडी झालं की डॉक्टरची फी वाढते. कायद्यात पीएचडी झालेल्या वकिलाला कोर्टात तारीख मिळते, आणि तीही इतरांना मिळते तीच. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात शिष्यवृत्तीचा विषय निघाला तेव्हा, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असं विधान परिषदेत विचारलं गेलं होतं. त्यावरून राज्यभर गदारोळ झाला. आमच्या घरात झाला नाही. आमच्याकडे तो प्रश्न आधीपासूनच दर रविवारी विचारला जात होता.

पीएचडीला पहिल्यांदा लागतो तो गाइड. विषय मागाहून, त्याच्या सवडीनं. यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, असोसिएट प्रोफेसरला सहा, असिस्टंट प्रोफेसरला चार. कायद्यात मान्यताप्राप्त गाइड मुळात मोजके, त्यांच्या जागा भरलेल्या, आणि जागा रिकामी होण्याचे मार्ग दोनच. एक तर कुणाची तरी पीएचडी पूर्ण व्हायला हवी, नाही तर कुणी तरी ती सोडून द्यायला हवी. सगळ्यांचा डोळा दुसऱ्या मार्गावर असतो. एका मुलीच्या लग्नाला मी तळेगावपर्यंत जाऊन, आहेर देऊन, अगदी मनापासून आशीर्वाद दिले. नवरा कॅनडाला होता. तिची जागा मला मिळाली.

मग शीर्षक. कायद्याच्या प्रबंधाला 'अ क्रिटिकल स्टडी' आणि 'विथ स्पेशल रेफरन्स टू' हे दोन खांब असल्याशिवाय छप्पर टाकता येत नाही. माझा विषय कंत्राटी कामगारांचे कायदेशीर हक्क, विथ स्पेशल रेफरन्स टू पिंपरी-चिंचवड अँड चाकण इंडस्ट्रियल बेल्ट. समितीपुढे हे वाचून दाखवल्यावर हक्कांबद्दल कुणी काही विचारलं नाही. चर्चा 'अँड'वर झाली. चाकण हे पिंपरी-चिंचवडमध्ये येतं की वेगळं? वेगळं, खेड तालुक्यात, मी म्हटलं. मग 'बेल्ट' एक की दोन? एका सदस्यांचं म्हणणं, दोन्ही गावं एकमेकांना लागूनच आहेत, तेव्हा मध्ये संयोगचिन्ह पुरे. संध्याकाळी सहा वाजता भोसरीहून चाकणला निघालेला माणूस असं कधीच म्हणणार नाही. पण समितीपुढे अनुभव हा पुरावा धरत नाहीत. अखेर 'अँड' राहिला.

कायद्याच्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण ऐतिहासिक पार्श्वभूमीचं असतं. प्राचीन, मध्ययुगीन, ब्रिटिश आणि स्वातंत्र्योत्तर, असे चार थांबे घ्यावेच लागतात. विषय मोबाइल टॉवरचा असो की टेस्ट ट्यूब बेबीचा, गाडी कौटिल्यापासून सुटते. चाकणला नाशिक फाट्यावरून जातात एवढंच मला माहीत होतं. पाटलीपुत्रावरूनही जातात, हे पीएचडीत कळलं. तरी अर्थशास्त्र वाचून फायदा झाला. मजुरी घेऊन काम न करणाऱ्या मजुराला कौटिल्यानं दंड सांगितलेला आहे. भोसरीतल्या एका एचआर मॅनेजरना मी तो उतारा दाखवला, तर त्यांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. मालकानं मजुरी बुडवली तर त्यालाही दंड सांगितलेला आहे, असं मी म्हणेपर्यंत मोबाइल खिशात गेला होता.

मध्ययुगात चाकणला कंत्राटी कामगार कुठून आणायचे? पण १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी इथला संग्रामदुर्ग शाइस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला होता. "घ्या, लोकल टच येतो," असं म्हणून माझ्या गाइड सरांनी तो मजकूर ठेवायला लावला. त्यापुढचा इतिहास मात्र खरोखरच माझ्या कामाचा. १९५४ मध्ये पिंपरीच्या माळरानावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, आणि खेड्यांची गर्दी इतकी वाढली की १९८२ मध्ये महापालिका करावी लागली. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले, तेव्हा सगळ्या देशानं पुण्याकडे पाहिलं. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात संप झाला. तो पन्नास दिवस चालला, आणि युनियनच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया भावानं द्यावेत. कामगार कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात ही मागणी बसत नाही. मला ती फार आवडते. फिरंगोजींचा किल्ला आणि बजाजचा संप ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून 'चाकणमध्ये कोणताही तंटा साधारण पन्नास-साठ दिवस टिकतो' असा निष्कर्षही मी मांडला होता. सरांनी त्यावर लाल शाईनं एवढंच लिहिलं: सॅम्पल साइज?

कायद्याच्या संशोधनाचे दोन प्रकार शिकवतात. डॉक्ट्रिनल म्हणजे ग्रंथालयात बसून करायचं, नॉन-डॉक्ट्रिनल म्हणजे उन्हात उभं राहून करायचं. पहिल्या प्रकारासाठी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयासारखी जागा नाही. ज्यांच्या नावानं ते आहे ते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्याआधी ते फेडरल कोर्टात आणि प्रिव्ही कौन्सिलमध्ये न्यायाधीश होते. बाहेर झाडी, आत पंखे आणि निकालपत्रांचे जाडजूड खंड. तिथे बसलं की कंत्राटी कामगारांचं जगात बरं चाललंय असं वाटू लागतं. कायदा आहे, कलम आहे, कलमाखाली नियम आहे, नियमाखाली नमुना आहे. आता फक्त कामगार दिसला की झालं.

तो बघायला बाहेर पडले तर वाराची पंचाईत. पिंपरी-भोसरीकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, कारण त्या दिवशी एमआयडीसीत वीज नसते. विद्यापीठाची सुट्टी रविवारी. कंपनीला भेटायचं तर गुरुवार सोडून, कामगाराला भेटायचं तर गुरुवारी, सरांना भेटायचं तर रविवार सोडून, आणि घरच्यांना भेटायचं तर... तो विषय मी प्रबंधाच्या मर्यादांमध्ये घातला आहे.

कंपन्यांमध्ये संशोधकाचं स्वागत गेटवर होतं आणि निरोपही तिथेच दिला जातो. सिक्युरिटीवाले काका वहीत नाव, गाव, गाडी नंबर, येण्याचं कारण लिहून घेतात. कारणाच्या रकान्यात मी 'रिसर्च' लिहिलं की ते आत फोन लावून सांगतात, "कुणी तरी सर्व्हेवाल्या बाई आल्यात." आतून बहुतेक वेळा साहेब मीटिंगमध्ये असल्याचं कळतं. एका ठिकाणी मात्र आत बोलावलं, एसी लावला, कॉफीही दिली. एचआर हेड हसतमुख होते. "मॅडम, आमच्याकडे कंत्राटी कामगार नाहीत," ते म्हणाले. खिडकीतून खाली वेगळ्या रंगाचा गणवेश घातलेली तीसेक मुलं ट्रॉल्या ओढताना दिसत होती. मी तिकडे पाहिलं. "ते आमचे बिझनेस असोसिएट," ते म्हणाले. माझी प्रश्नावली त्यांनी ठेवून घेतली आणि आठवड्यानं भरून पाठवली. 'कंत्राटी आणि कायम कामगारांना समान वागणूक मिळते' यापुढे खूण: पूर्णतः सहमत. 'समान वागणूक देणं व्यवहारात शक्य नसतं' यापुढे खूण: पूर्णतः सहमत. या दोन्ही खुणा मी जपून ठेवल्या आहेत. सगळ्या प्रबंधात इतका प्रामाणिक प्रतिसाद दुसरा नाही.

कायद्याचा खरा अभ्यास कुणाचा असेल तर तो कंत्राटदाराचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लायसनसाठी कामगारांचा मूळ आकडा वीस होता, पुढे महाराष्ट्रात तो पन्नास झाला. माझ्या वाचनात हा बदल आला तेव्हा मी त्यावर दोन पानं टिपण केलं. ज्या कंत्राटदारांना मी भेटले त्यांनी टिपणबिपण काही केलं नव्हतं. त्यांनी माणसं वाटून टाकली होती.

"एकोणपन्नास, मॅडम. एका नावावर एकोणपन्नासच्या वर जायचं नाही."

"मग बाकीचे?"

"मिसेसच्या नावानं एक फर्म आहे. मुलाची एक. आणि एक आईच्या नावानं."

"आईंचं वय?"

"ऐंशी पूर्ण. तिच्याकडे सत्तेचाळीस हेल्पर आहेत. हात-पाय धड असते तर आणखी दोन दिले असते."

हे ते अजिबात न लाजता सांगत होते. मी वकील आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर सांगत होते. शेवटी त्यांनीच मला विचारलं, "यात कुठलं कलम लागतं का हो? लागत असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे बहिणीच्या नावानं काढायच्या आत बघून घेऊ."

एका गुरुवारी महाळुंग्याला गेले होते. पत्र्याची चाळ, एका खोलीत चार कॉट, कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. ते काढलं का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, त्यावर जुन्या कंपनीच्या हजेरीच्या खुणा आहेत, पीएफच्या भांडणात लागतात. दारातल्या दोरीवर चार कंपन्यांचे चार शर्ट वाळत होते. चार मुलं चार कंपन्यांत असतील असं धरून मी नोंद घ्यायला लागले तर कॉटवरचा एक जण म्हणाला, "नाही मॅडम, ते चारही माझेच." हा मुलगा लातूरकडचा. आयटीआय फिटर. आधी नीम योजनेतला ट्रेनी, मग अप्रेंटिस, मग एका कंत्राटदाराकडे हेल्पर, आता दुसऱ्या कंत्राटदाराकडे हेल्पर. काम पहिल्या दिवसापासून एकच, नट आवळायचे.

"सध्याच्या ठिकाणी किती दिवस झाले?"

"एकशे ब्याण्णव." त्यानं कॅलेंडरकडे मान वळवलीसुद्धा नाही. "सात महिने भरले की ब्रेक. दोनशे दहाला काढतात."

"पण कायद्यात तर दोनशे चाळीस आहेत."

"तीस दिवसांचं मार्जिन ठेवतात, मॅडम. हिशोबात कुणाकडून चूक झाली तर?"

या दोनशे चाळीसवर माझी तीस पानं आहेत. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-ब सांगत होतं, बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम भरलं की ती एक वर्षाची सलग सेवा. मग त्या माणसाला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. महाराष्ट्रानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. आपल्याकडच्या आदर्श स्थायी आदेशांच्या ४-क मध्ये, बदली किंवा तात्पुरत्या कामगाराचे २४० दिवस भरले की त्याला कायम करायचं, असं चक्क लिहून ठेवलेलं आहे. ज्यानं हे लिहिलं त्याचा हेतू सरळ होता. त्यानं सगळ्या पट्ट्याला मोजायला शिकवलं, एवढंच झालं. सुपरवायझर मोजतो, टाइमकीपर मोजतो, कंत्राटदार मोजतो आणि सगळ्यांत अचूक ज्याचे दिवस आहेत तो मोजतो. माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या लाभांपासून दूर ठेवणं ही अनुचित प्रथा आहे, असंही राज्याच्या १९७१ च्या कायद्यात चौथ्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकावर आहे. हे मी एका टाइमकीपरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वर्षानुवर्षं कुठे ठेवतो आम्ही? सातच महिने तर ठेवतो."

लातूरच्या मुलाला निकालांमध्ये रस होता. मी त्याला सांगितलं की १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, एखाद्या कामात कंत्राटी पद्धत सरकारनं बंद केली तर तिथले कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. आणि २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते फिरवलं. आपोआप काही होत नाही.

"म्हणजे मधली पाचच वर्षं बरी होती," तो म्हणाला.

"तुझा जन्म कधीचा?"

"दोन हजार एक."

यावर खोलीतली बाकीची तिघं इतकी हसली की शेजारच्या खोलीतले दोघं काय झालं म्हणून बघायला आले. मी पुढचा प्रश्न काढला. नोकरीचा प्रकार: कायम, तात्पुरती, कंत्राटी, इतर. त्यानं 'इतर' वर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, तुम्ही पर्मनंट आहात का?"

प्रश्नावलीत उत्तर देणाऱ्यानं प्रश्न विचारायची सोय नसते. तरी सांगितलं. मी तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास तितके पैसे, सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, वर्ष संपलं की ऑर्डर संपते, पुढच्या वर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, नवी ऑर्डर.

"म्हणजे ब्रेक."

"हो."

"किती महिन्यांनी?"

"साधारण नऊ."

"बरंय की मग. दोन महिने जास्त आहेत."

कायदा तर मला त्याच्या रांगेतही उभं राहू देत नाही. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 'उद्योग' या शब्दाचं दार इतकं उघडलं की दवाखाने, क्लब, विद्यापीठं सगळी आत आली. म्हणजे मी शिकवते ते कॉलेज हा उद्योग. कॉलेजचा शिपाई कामगार, क्लार्क कामगार. आणि शिक्षक? गोव्यातल्या सुंदरंबल नावाच्या शिक्षिका हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८८ मध्ये उत्तर मिळालं, शिक्षक हा कामगार नव्हे. त्याचं काम अंगमेहनतीचं नाही, कारकुनी नाही, तांत्रिक नाही. ते उदात्त आहे. उदात्ततेचा दर तासागणिक ठरतो आणि टीडीएस कापून खात्यावर जमा होतो, एवढं मी माझ्याकडून जोडते.

पण विद्यापीठाच्या पटावर याच बाईची स्थिती भलतीच भक्कम आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं द्यायची, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. बायकांना त्यावर आणखी दोन, एकूण दहाच्या आत. बायकांच्या घरकामाचा हिशोब सरकारनं कुठे आकड्यात मांडला असेल तर तो इथे: दोन वर्षं. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी सगळ्या पीएचडीत मिळून रजा देता येते. किती दिवसांची? २४०.

कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण चाकणला २४० दिवस काम केलं तर जागा पक्की व्हायला हवी, आणि विद्यापीठात २४० दिवस काम केलं नाही तरी जागा पक्कीच राहते. या सगळ्या औद्योगिक पट्ट्यात सलग सेवेची हमी असलेला माझ्यासारखा दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही. पगार तेवढा नाही, उलट फी भरावी लागते.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. केंद्र सरकारनं चार श्रम संहिता लागू केल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत गुंडाळले. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा गेला. माझं तिसरं प्रकरण, चौथं प्रकरण आणि पाचव्याचा अर्धा भाग त्याच संध्याकाळी निवर्तला. कपातीत काढलेल्या कामगाराला निदान नोटीस द्यावी लागते. संशोधकाला कुणी देत नाही.

कायद्याच्या संशोधकाला हा एक खास शाप आहे. हाडांवर संशोधन करणाऱ्याला, सकाळी उठून पाहिलं तर माणसाच्या मांडीचं हाड बदललेलं आहे, अशी भीती नसते. आमची एक मैत्रीण विवाहितेच्या छळाच्या कायद्यावर लिहीत होती. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, आणि तिचं ४९८-अ एका रात्रीत ८५ आणि ८६ झालं. तिनं कॉम्प्युटरवर सगळीकडे जुना आकडा शोधून नवा घालायचा सपाटा लावला. खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं. त्याबरोबर तळटीपांमधली जिथे जिथे ३०२ पानं होती तीही १०३ झाली, आणि एका संदर्भग्रंथाचं पान १३०२ होतं ते ११०३ झालं. परीक्षकांनी तेवढं एकच पकडलं.

मी धावत सरांकडे गेले. सरांनी शांतपणे चष्मा पुसला. त्यांनी असे पुष्कळ कायदे जाताना पाहिलेले आहेत. "चॅप्टर तसेच ठेवा," ते म्हणाले, "वर 'लीगल हिस्टरी' असं हेडिंग टाका. आणि शेवटी एक नवा चॅप्टर संहितांवर." अशा रीतीनं १९४७ चा कायदा उचलून मी कौटिल्याच्या शेजारी नेऊन ठेवला.

नवा चॅप्टर लिहिला तर साहित्यचोरी तपासणारं सॉफ्टवेअर लाल झालं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, आणि कायद्यांचा मजकूर त्या मोजणीत धरू नये असंही म्हटलेलं आहे. नियम यूजीसीला माहीत आहे, मला माहीत आहे, सॉफ्टवेअरला नाही. कलम जसंच्या तसं उतरवलं की ती चोरी. शब्द बदलले की ते कलम राहत नाही. मी एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहून पाहिला, तर साम्य खाली आलं आणि सरांचा शेरा पडला: असा कायदा अस्तित्वात नाही.

अशा वेळी विभागातले ज्येष्ठ लोक बाबासाहेबांचा दाखला देतात. लंडनला 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध त्यांनी सादर केला, तर परीक्षकांनी तो दुरुस्त करून आणायला सांगितला. त्यांनी दुरुस्त केला आणि १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. दाखला ऐकून हुरूप येतो हे खरं. पण त्यांच्या प्रबंधाला रुपया लागला होता, आणि मधल्या काळात रुपया कुणी रद्द करून त्याच्या चार संहिता केल्या नव्हत्या.

प्रबंध आता बराचसा झाला आहे. प्री-सबमिशनची तारीख ठरते आहे, म्हणजे लांबते आहे. प्रश्नावलीच्या फॉर्मवर मी माझा नंबर दिला होता, त्यावर अजूनही फोन येतात. बहुतेक पीएफ कसा काढायचा याचे. मागच्या आठवड्यात लातूरच्या मुलाचा आला.

"मॅडम, नवीन कंपनीत लागलो. आता कंत्राटदार नाही, डायरेक्ट. फिक्स टर्मचं लेटर दिलंय, एक वर्षाचं. वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीपण देणार म्हणतात. खरंय का?"

खरं आहे, मी म्हटलं. ठरावीक मुदतीवर नेमलेल्याला नव्या संहितेत एक वर्षानं ग्रॅच्युइटी लागू होते. पूर्वी पाच वर्षं लागायची.

"हे तुमच्या पुस्तकात लिहिलंय का?"

"लिहितेय. शेवटचं प्रकरण."

"मग लवकर लिहा. माझं वर्ष मेमध्ये संपतंय, आणि एचआरवाले म्हणालेत लेटर अकरा महिन्यांचं करून देऊ का."